हेवीवेटमधला चाळिशीचा फायटर: अजून किती शिल्लक आहे ते कसं ओळखायचं

रविवारी सकाळी चहा घेऊन यूएफसी (पिंजऱ्यातल्या एमएमएची, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या फाइटची अमेरिकन स्पर्धा) लावणाऱ्या बऱ्याच जणांचं हेवीवेटबद्दल एकच म्हणणं असतं, की हे सगळे म्हातारे झालेत, दुसऱ्या राउंडला धापा टाकायला लागतात, ह्यांच्यापेक्षा लाइटवेटवाल्यांची फाइट बघितलेली बरी. हे खोटं नाहीये पण अर्धवट आहे. हेवीवेटमध्ये नुसतं वय धरून बसलात तर अंदाज सारखे चुकणार, कारण ह्याच गटात रँडी कुतूर ४३ व्या वर्षी चॅम्पियन झाला आणि ह्याच गटात केन वेलास्केझसारखा माणूस ३२ व्या वर्षी बेल्ट हरल्यावर पुढच्या चार वर्षांत फक्त दोनदा लढू शकला. वय तेवढंच महत्त्वाचं असतं तर हे उलटं झालं असतं ना. मोजायचं ते दुसरंच काहीतरी आहे, आणि ते मोजता येतं, थोडी सवय लागते एवढंच.

आधी हे बघू की हा गट एवढा वयस्कर का. यूएफसीत हेवीवेट म्हणजे २०६ ते २६५ पौंड, आपल्या हिशोबाने साधारण ९३ ते १२० किलो. आता एवढ्या वजनाचा, उंच, आणि तरीही पायात चपळ असा पोरगा अमेरिकेत जन्मला तर शाळेपासूनच त्याला फुटबॉलचे नाहीतर बास्केटबॉलचे कोच गाठतात, कॉलेजची फी माफ होते, पुढे पैसा तर विचारूच नका, मग तो चार औंसाचे ग्लोव्ह घालून पिंजऱ्यात कशाला येईल. जे येतात ते बहुतेक दुसरीकडून आणि उशिरा येतात. कुतूर ग्रीको-रोमन कुस्ती करून ३३ व्या वर्षी एमएमएत आला. डॅनियल कॉर्मिए अमेरिकेकडून २००४ च्या ऑलिम्पिकला कुस्ती खेळला, २००८ ला बीजिंगमध्ये वजन उतरवताना किडनी बंद पडली म्हणून मॅटवर उतरताच आलं नाही, आणि एमएमएतली पहिली फाइट केली तेव्हा तिशी झाली होती. फ्रान्सिस एनगानू कॅमेरूनच्या वाळूच्या खाणीत राबलेला, पॅरिसला पोचला तेव्हा २६ वर्षांचा होता आणि त्यानंतर एमएमए शिकला. सिरिल गान मुय थाई, म्हणजे थाई किकबॉक्सिंग, करून २८ व्या वर्षी आला. म्हणजे लाइटवेटवाला ज्या वयात उतरणीला लागतो त्या वयात ह्यांची गाडी गिअर टाकत असते, आणि म्हणून चॅम्पियनही वयाने मोठे दिसतात: स्टिपे मिओचिच ३३, एनगानू ३४, जॉन जोन्स ३५, फॅब्रिसिओ वेर्डूम ३७, कॉर्मिए तर ३९, ही त्यांची हेवीवेटचा खरा बेल्ट पहिल्यांदा हातात आला तेव्हाची वयं आहेत.

दुसरं कारण म्हणजे ह्यातले बरेच जण वजन तोडत नाहीत. खालच्या गटांत फाइटच्या आधी शरीरातलं पाणी काढून दहा-दहा किलो उतरवतात, वर्षातून दोन-तीनदा, वर्षानुवर्षं, त्याने शरीर आतून झिजतं. हेवीवेटला तो त्रास बराच कमी. आणि तिसरं, गटात माणसंच कमी असल्यामुळे प्रमोशनवाले, म्हणजे फाइट भरवणाऱ्या कंपन्या, जुनी नावं सोडत नाहीत, त्यामुळे रँकिंग उघडलं की पाच वर्षांपूर्वीची अर्धी यादी तशीच दिसते.

आता मुद्द्याचं, फाइटच्या आधी काय बघायचं.

फायटरचं रेकॉर्ड उघडा, शेरडॉगची वेबसाइट घ्या नाहीतर टॅपोलॉजीची, काही फरक पडत नाही. सगळ्यात आधी जन्मतारीख नाही तर पहिल्या फाइटची तारीख बघा. ह्याला मी पिंजऱ्यातलं वय म्हणतो. कुतूर ४३ चा होता तेव्हा त्याचं पिंजऱ्यातलं वय जेमतेम दहा होतं. आंद्रेई अर्लोव्स्की ४० चा झाला तेव्हा त्याला लढायला लागून वीस वर्षं होत आली होती. सिरिल गान २०२५ मध्ये ३५ चा होता पण तोवर त्याच्या फाइट जेमतेम पंधराच्या आसपास झाल्या होत्या. जोन्स वयाने तेव्हा ३८, पण २० व्या वर्षापासून लढत आलेला आणि २३ व्या वर्षी लाइट हेवीवेटचा चॅम्पियन होता, म्हणजे मोठ्या फाइटचं ओझं किती वर्षांचं ते बघा.

मग हार-जीत सोडून द्या आणि हरला तेव्हा कसा हरला तो रकाना वाचा. निर्णयावर, म्हणजे पंचांच्या गुणांवर हरला, सबमिशनवर, म्हणजे पकडीत अडकून हरला, ह्याची फार काळजी नको. नॉकआउट किंवा टीकेओ (मार खातोय म्हणून पंचांनी थांबवलेली फाइट) असेल तर तारीख बघा, आणि दोन नॉकआउटमध्ये किती महिने गेले ते बघा. गेल्या तीन-चार वर्षांत असे तीन असतील तर कितीही मोठं नाव असू दे, तो माणूस धोक्यात आहे असं समजा. ज्युनियर डोस सँटोसचं रेकॉर्ड ह्यासाठी बघाच. जून २०१९ ते डिसेंबर २०२० ह्या दीड वर्षात एनगानू, ब्लेड्स, रोझेनस्ट्राइक आणि गान, चारही जणांनी त्याला पहिल्या नाहीतर दुसऱ्या राउंडमध्ये थांबवला आणि मग मार्च २०२१ मध्ये यूएफसीने सोडून दिला. तेव्हा तो ३७ चा होता, हेवीवेटच्या मानाने काही म्हातारा नाही.

पण इथेच थांबू नका, कारण डोस सँटोस २०१९ ला म्हातारा झाला नाही, तो आधीच झाला होता. डिसेंबर २०१२ मध्ये वेलास्केझने त्याला पाच राउंड कुटला, चेहरा ओळखू येईना इतका, आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये परत पाचव्या राउंडपर्यंत तेच. तेव्हा तो २८-२९ वर्षांचा होता. पुढच्या वर्षी मिओचिचबरोबर अजून पाच राउंड, ती जिंकला निर्णयावर, रेकॉर्डमध्ये हिरवी दिसते, पण अंगावर घेतलेलं हिरवं होत नाही. म्हणून म्हणतो, नुसते नॉकआउट मोजून भागत नाही, ज्या फाइट लांबल्या आणि दोघांनीही भरपूर खाल्लं त्या शोधा आणि शक्य असेल तर परत बघा. एका रात्रीत फायटरची पाच वर्षं जातात हे मला ठामपणे वाटतं, आणि ह्याचं सगळ्यात वाईट उदाहरण म्हणजे डिसेंबर २०१३ ची ब्रिस्बेनमधली मार्क हंट विरुद्ध अँटोनियो सिल्व्हा, तोच ज्याला बिगफूट म्हणतात. पाच राउंड, रक्ताने माखलेले दोघं, शेवटी बरोबरी. लोक अजूनही तिला सर्वोत्तम हेवीवेट फाइटपैकी एक मानतात, आहेही. पण त्यानंतर सिल्व्हाची यूएफसीतली यादी काढा: पाच फाइट, एक विजय, आणि चारही पराभव पहिल्याच राउंडमध्ये. सिल्व्हाला अॅक्रोमेगॅली होती, म्हणजे पिट्यूटरी ग्रंथीचा आजार, आणि त्याचे उपचारही चालू होते. आणि यूएफसी सुटल्यावरही तो लढत राहिला आणि आडवा होत राहिला, ते बघवत नाही.

टीआरटीचं, म्हणजे टेस्टोस्टेरॉनच्या उपचाराचंही लक्षात ठेवा. एक काळ असा होता की डॉक्टरांच्या कागदावर टेस्टोस्टेरॉन घ्यायला परवानगी मिळायची, फेब्रुवारी २०१४ मध्ये नेवाडा राज्याच्या क्रीडा कमिशनने ती बंद केली, आणि जुलै २०१५ पासून यूएफसीत युसाडाची, म्हणजे अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेची, वर्षभर चाचणी सुरू झाली (२०२४ पासून ते काम दुसऱ्यांकडे आहे). त्यामुळे २०१० सालातला पस्तिशीचा फायटर आणि आत्ताचा पस्तिशीचा फायटर ह्यांची सरळ तुलना करू नका. कोण काय घेत होतं ह्यात मी पडणार नाही, नियम वेगळे होते एवढंच सांगतोय.

तिसरी गोष्ट म्हणजे सुट्टी. दोन फाइटमधलं अंतर. एक वर्षाची सुट्टी चाळिशीच्या माणसाला कधी कधी फायद्याची असते, अंग भरून येतं, जुनी दुखणी शांत होतात. पण दोन वर्षांच्या वर गेलं की वेळेचा अंदाज जातो. जिममध्ये स्पारिंग कितीही करा, समोरचा खरंच पाडायला आलाय ही भावना तिथे येत नाही. मिओचिच मार्च २०२१ मध्ये एनगानूकडून नॉकआउट झाला आणि त्यानंतर थेट नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कला जोन्ससमोर उभा राहिला, तीन वर्षं आठ महिने, वय ४२, आणि मधल्या काळात एकही फाइट नाही. ओहायोत अग्निशमन दलात नोकरी करत हेवीवेटचे ओळीने तीन डिफेन्स (बेल्ट राखायच्या फाइट) करणारा, त्या आधी तेवढे कुणी केले नव्हते, असा माणूस. तो पहिल्या राउंडलाच पाठीवर पडून कोपर खाताना दिसला तेव्हा मला फार वाईट वाटलं. तिसऱ्या राउंडला पोटात बसलेल्या फिरत्या लाथेने फाइट संपली आणि त्याने तिथेच निवृत्ती घेतली.

आता फाइट सुरू झाली. पहिली दोन मिनिटं हात बघूच नका, पाय बघा. आपल्याकडे तालमीत वस्ताद पोराच्या पायांवर नजर ठेवून असतो, तेच इथेही करायचं. म्हातारा होत चाललेला हेवीवेट सगळ्यात आधी पायातून जातो. पूर्वी आत शिरून मारून बाजूला निघायचा, आता आत शिरतो, मारतो आणि तिथेच उभा राहतो. सरळ मागे जातो, बाजूला वळत नाही, आणि तीन पावलांत पाठ जाळीला लागते. जाळीला पाठ किती वेळा लागली आणि तिथून तो स्वतः निघाला की समोरच्याने सोडलं म्हणून निघाला, हे मोजा. एवढं एकच मोजलंत तरी बरंच कळेल.

मग बघा की त्याला ठोसा दिसतोय का. तुम्हाला टीव्हीवर जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, येताना दिसला, त्यालाही दिसला, त्याचे डोळे किंचित मिटले, पण डोकं हललं नाही. दिसतं पण हात सुटत नाही, उत्तर द्यायची जागा दिसते पण तोवर जागा गेलेली असते. बॉक्सिंगमध्ये आणि एमएमएत जुने कोच ह्याच खुणेवरून सांगतात की आता बास. फेडोर एमेल्यानेंकोच्या शेवटच्या वर्षांतल्या फाइट ह्या नजरेने बघा. हा माणूस २००० च्या शेवटापासून जून २०१० पर्यंत हरलाच नव्हता, मग वेर्डूमने ६९ सेकंदांत ट्रँगलमध्ये, म्हणजे पायांच्या पकडीत, अडकवलं आणि त्यानंतरच्या साधारण वर्षभरात अजून दोन, म्हणजे ओळीने तीन हरला. फेब्रुवारी २०२३ मध्ये ४६ व्या वर्षी रायन बेडरसमोर शेवटची फाइट झाली तेव्हा पहिल्या राउंडमध्येच संपली, आणि जुन्या फेडोरचा तो खांद्यावरून येणारा उजवा हात जो डोळ्याला दिसायचाही नाही, तो त्या दिवशी निघालाच नाही.

चिन, म्हणजे ठोसा सोसायची ताकद, गेली असं आपण सहज म्हणतो, पण ती तपासायची कशी? आडवा झाला ह्यावरून नाही, चांगला बसला तर कुणीही आडवा होतो. कुठल्या ठोशाने पाय डगमगले ते बघा. पूर्वी जो ठोसा खाऊन पुढे यायचा, तसल्याच अर्ध्यामुर्ध्या ठोशाने, कानाच्या मागे घासून गेलेल्या ठोशाने, आता गुडघे वाकत असतील तर ते परत येत नाही. डोक्याला मार लागत गेला की सहनशक्ती वाढत नाही, कमी होत जाते, आणि कुठलाही व्यायाम किंवा खुराक त्यावर चालत नाही. मान जाड करा, वजन वाढवा, काही उपयोग नाही.

श्वासाचं मात्र सावध राहून ठरवा, कारण हेवीवेट तरुण असला तरी दमतो. ११५ किलो घेऊन पाच मिनिटं कुस्ती करून बघा, मग कळेल. दमलाय हे महत्त्वाचं नाही, एका मिनिटाच्या ब्रेकमध्ये सावरतोय का ते महत्त्वाचं. कॉर्नरमध्ये स्टुलावर बसल्यावर पहिल्या वीस सेकंदांत त्याचं तोंड बंद झालं, कोचकडे नजर गेली, मान हलवून हो-नाही म्हणाला, तर ठीक आहे. तीस-चाळीस सेकंद झाले आणि अजून छताकडे बघतोय, कोच एकच वाक्य तीनदा बोलतोय, तर पुढचा राउंड अवघड आहे. ब्रेकमध्ये जाहिरात लागली तर चुकतं हे, म्हणून नंतर पूर्ण रीप्ले मिळाला तर कॉर्नरचा भाग नक्की बघा.

आणि ताकद? ताकद शेवटी जाते, आणि हीच गोष्ट सगळ्यांना फसवते, फायटरला पण. ३६ व्या वर्षी डेरिक लुईसने कर्टिस ब्लेड्सला असा एक अपरकट घातला, तोही ब्लेड्स पट काढायला खाली वाकलेला असताना, की ब्लेड्स जमिनीवर पडायच्या आधीच बेशुद्ध होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये व्होल्कोव्हविरुद्ध हाच लुईस पूर्ण फाइट हरत होता आणि शेवटची अकरा सेकंद राहिलेली असताना एका उजव्या हाताने जिंकला. चाळिशीत, जुलै २०२५ ला, टॅलिसन टेक्सेराला ३५ सेकंदांत संपवलं. यूएफसीच्या इतिहासात सगळ्यात जास्त नॉकआउट ह्याच माणसाचे आहेत. उलट बाजूने बघायचं तर डिसेंबर २०१९ मध्ये अलिस्टर ओव्हरीम ३९ व्या वर्षी पाच राउंड हुशारीने खेळला, रोझेनस्ट्राइकविरुद्ध जिंकत आलेली फाइट, आणि शेवटच्या चार सेकंदांत एक हात बसला, ओठ चिरला, पंचांनी थांबवली. म्हणून कुणी एक ठोसा मारून जिंकला की लगेच तो परत आला म्हणू नका. त्या ठोशाआधीची मिनिटं कशी गेली ते बघा. लुईस तर आधीपासूनच एका ठोशाचा फायटर आहे, त्याने पायांवर कधी खेळच केला नाही, म्हणून त्याचं वय दिसत नाही. डोस सँटोस आणि वेलास्केझचा खेळ वेगावर आणि न थांबणाऱ्या दमावर उभा होता, तो वेग दहा टक्के कमी झाला की सगळंच ढासळतं.

हे कळलं की कोण चांगला म्हातारा होणार हे आधीच सांगता येतं, आणि मला स्वतःला ह्या खेळात सगळ्यात जास्त आवडणारा भाग हाच आहे.

कुतूरची मार्च २००७ ची टिम सिल्व्हियाविरुद्धची फाइट पूर्ण बघा, पंचवीस मिनिटं आहे, वेळ काढा. सिल्व्हिया सहा फूट आठ इंच, वयाने तेरा वर्षांनी लहान, चॅम्पियन. कुतूर निवृत्तीतून परत आलेला. सुरुवातीलाच उजवा हात टाकून त्याने सिल्व्हियाला खाली बसवलं आणि मग पाच राउंड काय केलं तर चिकटून राहिला. क्लिंच म्हणजे उभ्यानेच मिठी, डोकं त्याच्या हनुवटीखाली, मान धरून छोटे ठोसे, पट काढून खाली, परत जाळीला दाबणं. ह्यातल्या कशालाही वेग लागत नाही. कुस्तीगीर ज्याला कस म्हणतात तो लागतो, आणि समोरच्याचं वजन कुठे जातंय ते अंगाने कळायला लागतं, आणि ते वयाबरोबर वाढतं. तिन्ही पंचांनी ५०-४५ दिलं, म्हणजे पाचही राउंड कुतूरचे. एक मात्र नजरेतून सुटू देऊ नका, की पुढच्याच वर्षी ब्रॉक लेस्नर आला, कुतूरपेक्षा कितीतरी जड आणि तोही कुस्तीवाला, आणि तेव्हा चिकटून राहण्याचा फायदा उरला नाही.

अर्लोव्स्कीचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं कारण त्याने मध्येच रस्ता बदलला. तरुणपणी तो उजव्या हाताने माणसं झोपवणारा, २००५ चा चॅम्पियन. २००९ ते २०११ मध्ये चार ओळीने हरला, त्यातल्या बहुतेक नॉकआउट, सगळ्यांनी संपला म्हणून सोडून दिला. २०१४ ला यूएफसीत परत आला, जिंकायला लागला, मग २०१६-१७ मध्ये ओळीने पाच हरला. परत सगळ्यांनी सोडलं. आणि मग त्याने नॉकआउट शोधणंच बंद केलं. अंतरावर राहायचं, लो किक मारायची, जॅब टाकून निघायचं, अंगावर आला की धरून जाळीला न्यायचं, पंधरा मिनिटं काढायची. २०२१ आणि २०२२ मध्ये बेचाळीस-त्रेचाळिशीत ओळीने चार जिंकला आणि चारही निर्णयावर. प्रेक्षक कंटाळायचे, ओरडायचे. मी मात्र त्या फाइट फार आदराने बघतो, कारण ज्या माणसाची चिन गेलीये त्याने लढायचं ठरवलं तर ते कसं करावं ह्याचा तो धडा आहे. नोव्हेंबर २००० मध्ये यूएफसीत आलेला माणूस २०२४ पर्यंत तिथे लढत होता.

समोर कोण दिलाय तेही बघा. प्रमोशनवाल्यांना जुन्या नावाचा उपयोग दोन प्रकारे असतो, एक तर दोन जुने एकमेकांसमोर ठेवायचे, नाहीतर नवीन पोराला नाव मिळावं म्हणून जुना समोर टाकायचा. दुसऱ्या प्रकारात जुन्या माणसाचं भलं क्वचितच होतं. वन चॅम्पियनशिप ह्या आशियातल्या प्रमोशनचं मे २०२१ चं बघा, कॅनडाचा अर्जन भुल्लर, पंजाबी घरातला, २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थला कुस्तीत सुवर्ण जिंकलेला, त्याने ४३ वर्षांच्या ब्रँडन व्हेराला दुसऱ्या राउंडमध्ये थांबवून हेवीवेटचा बेल्ट घेतला. भारतीय वंशाच्या माणसाने मोठ्या प्रमोशनचा हेवीवेट बेल्ट घेतला म्हणून आपल्याकडे आनंद झाला आणि तो व्हायलाच हवा. पण ती फाइट आता परत बघा आणि व्हेराकडे बघा. कुस्तीचं वजन अंगावर आल्यावर पहिल्या राउंडमध्येच तो रिकामा झालेला दिसतो.

बेल्टबद्दल थोडं स्पष्ट बोलतो, कारण गटाची आजची अवस्था त्याशिवाय कळणार नाही. एनगानू जानेवारी २०२३ मध्ये बेल्ट असताना यूएफसी सोडून गेला. मार्चमध्ये जोन्सने गानला दोन मिनिटांत गिलोटिनमध्ये, म्हणजे मानेच्या पकडीत, धरून रिकामा बेल्ट घेतला. नोव्हेंबरला जोन्स-मिओचिच ठरली, जोन्सच्या छातीचा स्नायू फाटला, आणि त्याच कार्डवर, म्हणजे त्या रात्रीच्या फाइटच्या यादीत, टॉम अ‍ॅस्पिनॉलने पावलोविचला ६९ सेकंदांत पाडून तात्पुरता बेल्ट घेतला. तेव्हा अ‍ॅस्पिनॉल ३० चा. पुढे जुलै २०२४ मध्ये त्याने तो तात्पुरता बेल्ट राखलाही, ब्लेड्सला ६० सेकंदांत. म्हणजे गटात शेवटी एक तरुण, वेगवान, बॉक्सिंग आणि जमिनीवरचा खेळ दोन्ही येणारा माणूस आला होता, आणि त्याला ताटकळत ठेवून वर्षभराने जोन्स-मिओचिचच लावली गेली, आणि मग जून २०२५ पर्यंत वाट बघितल्यावर जोन्स निवृत्त झाला. माझ्या मते ते अंतर गटाला सगळ्यात महागात पडलं, कारण हेवीवेटची चांगली वर्षं कमी असतात आणि अ‍ॅस्पिनॉलची त्यातली दीड-दोन गेली. ऑक्टोबर २०२५ ला अबू धाबीत गानविरुद्ध पहिला खरा डिफेन्स, तोही पहिल्याच राउंडमध्ये डोळ्यात बोटं गेल्यामुळे निकालाविना थांबला. ह्या सगळ्यात कुणी म्हातारं झालं नाही असं वाटतं, पण कॅलेंडर सगळ्यांसाठी चालू असतं.

शेवटचं काम फाइट संपल्यावरचं आहे, आणि ते बहुतेक जण करत नाहीत. कार्ड झाल्यावर काही दिवसांत कमिशनची मेडिकल सस्पेन्शनची यादी बाहेर येते. ३० दिवस, ६० दिवस, किंवा डॉक्टरांनी मोकळं केलं नाही तर १८० दिवस, असं प्रत्येकाच्या नावापुढे असतं. नॉकआउट झालेल्या चाळिशीच्या फायटरचं नाव त्यात शोधा, आणि मग त्याची पुढची फाइट कधी जाहीर होते ती तारीख लिहून ठेवा. सस्पेन्शन ही कमीत कमी मुदत आहे, बरं व्हायची मुदत नाही. दोन-तीन महिन्यांत परत नाव दिसलं तर त्याच्या आसपासचं कुणीतरी त्याची काळजी घेत नाहीये.

मुलाखतीही ऐका, पण शब्दांपेक्षा बोलणं ऐका. पाच वर्षांपूर्वीची एक मुलाखत आणि आत्ताची एक, पाठोपाठ लावा. जीभ जड झालीय का, वाक्य मध्येच सुटतंय का, एकाच प्रश्नाचं उत्तर दोनदा येतंय का. मार्क हंटने २०१७ मध्ये स्वतःच लिहिलं होतं की त्याला झोप लागत नाही, बोलताना शब्द अडखळतात, काल काय केलं ते विसरतो. त्यानंतर यूएफसीने त्याला सिडनीच्या कार्डवरून काढलं आणि तो चिडला, डॉक्टरांनी तपासून फिट दिलंय म्हणाला, आणि पुढच्या वर्षी परत लढलाही. तेव्हा तो ४३ चा होता आणि त्याच्या मागे किकबॉक्सिंगची वेगळी वर्षं होती, जी एमएमएच्या रेकॉर्डमध्ये दिसतच नाहीत. म्हणून ज्याचा आधीचा धंदा किकबॉक्सिंग किंवा बॉक्सिंग होता त्याचं ते रेकॉर्डही वेगळं उघडा आणि दोन्हीतले नॉकआउट एकत्र मांडा. कुस्तीतून आलेल्याला ही बेरीज करावी लागत नाही.